मालकाचं उत्तर: आम्ही सापाला रंग लावत नाही

नमस्कार सर,

तुम्हाला मनस्ताप झाला, तुमचा फोन वेळेवर उचलला गेला नाही, त्याबद्दल माफी मागतो. पण "रंग लावून साप विकला, वर्षभरात पिवळा रंग उतरला आणि काळे डाग पडले" हे तुम्ही चारचौघांत लिहिलंत ते फार लागलं. हे वाचून उद्या गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढणार नाही, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

रंग फासला तरी तो सापावर टिकेल कसा? साप तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत अख्खी कात टाकतो, डोळ्यांवरचं पारदर्शक कवचसुद्धा त्यातच निघून येतं. वरून लावलेलं काहीही पहिल्याच कातीबरोबर गेलं असतं. तुमच्या घरी वर्षभरात त्याने कितीदा तरी कात टाकली असेल. एखादी उजेडात धरून बघा, पिवळेपणा सापडणार नाही. तो खालच्या जिवंत कातडीतल्या रंगपेशींत असतो.

तुम्ही नेलेला साप 'बनाना' मॉर्फचा, म्हणजे त्या जन्मजात रंगप्रकाराचा, बॉल पायथन (लहान जातीचा अजगर) आहे. पिल्लू असताना पिवळा आणि जांभळट रंग झळाळतो. वय वाढतं तशी जांभळट छटा मातकट होते आणि काळे ठिपके उमटतात. हा रोग नाही, आमची किंवा तुमची हयगयही नाही, त्या मॉर्फचा जन्मजात गुण आहे. काउंटरमागे मोठ्या बनाना नराचा फोटो आहे. तो पाहून तुम्ही "असा डागवाला नको" म्हणालात, तेव्हाच मी सांगितलं होतं की या पिल्लालाही पुढे ठिपके येतील. सोबत तुमचे मेहुणेही होते.

आता तुम्ही टाकलेला फोटो. त्यात सापाचे डोळे दुधाळ निळे आहेत, म्हणजे कात टाकायच्या आधीचे दिवस. तेव्हा जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो आणि सगळं अंग धुरकट दिसतं. नेमका तेव्हाचा फोटो, तोही लाल बल्बखाली, आणि त्यावरून फसवणुकीचा ठपका! पाण्याचं भांडंही फार लहान दिसतंय. हवेत ६० टक्क्यांच्या आसपास दमटपणा हवा, नाहीतर कात तुकड्यांनी चिकटून राहते आणि साप आणखी मळकट दिसतो.

कागदांवरही तुम्ही शंका घेतलीत. नाग, धामण पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, ते आमच्याकडे कधीच मिळणार नाहीत. बॉल पायथन परदेशी, पश्चिम आफ्रिकेतला. परदेशी प्राण्यांच्या नोंदणीच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद आहे आणि ती तुमच्या नावावर केलेलीही आहे.

यापुढे रंगाबद्दलची माहिती लेखी द्यायचं बघतो आहोत, फोनचंही काहीतरी करू. कात पडली की त्याला दुकानात घेऊन या, दिवसाच्या उजेडात समोरासमोर बघू. तपासणीचे पैसे घेणार नाही. रविवारी दुपारपर्यंत मी स्वतः असतो.