पाच स्टार आणि पावागडचे पाचशे

परवा बडोद्यात दांडिया बाजारात ओट्यावर विषय निघाला तो माझ्या फ्रिजमुळे. रिपेर करून दोन दिवस झाले नाहीत तर परत बंद, दूध नासलं, आणि वर कंपनीचा मेसेज की तुमचं सॅटिस्फॅक्शन पाचपैकी किती. मी एक दाबला. मंदार कस्टमर केअरमध्ये टीम लीडर, झोपेतही स्कोअरच बोलत असेल, तो लगेच उसळला, "एक कशाला दिलास! त्या पोराचा इन्सेंटिव्ह गेला ना. सॅटिस्फॅक्शन म्हणजे फीलिंग असतं रे, ओव्हरऑल एक्स्पिरियन्स. पोरगा गोड बोलला, बूट बाहेर काढले, चार तरी द्यायचे."

"बूट काढले की बर्फ होतो का?" बापूकाका.

काका न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीत कोर्ट होतं तेव्हापासून वकिलाकडे कारकून, त्यांच्यापुढे शब्द जपून वापरावा लागतो. म्हणाले, "लॅटिनमधे सातिस म्हणजे पुरेसं, फाकेरे म्हणजे करणं. पुरेसं करणं! करायचं कोणी? ज्याच्याकडे देणं आहे त्याने. चर्चमधे पाप कबूल केल्यावर जी भरपाई करायची तिलाही हाच शब्द होता. वाटणं-बिटणं नंतर आलं. आधी काम करा, मग विचारा."

मंदार म्हणाला, "काका, मराठीत तर समाधान म्हणजे मनाचंच ना?"

"मराठीत हो. पण तुझ्या शेजारच्या पटेलना विचार, गुजरातीत समाधान म्हणजे तडजोड, दोन पार्ट्यांनी बसून मिटवलेलं. कोर्टातलं इंग्रजी सॅटिस्फॅक्शन त्याच्या जवळचं आहे. आणि पोराचा पगार गिऱ्हाइकाच्या अंगठ्यावर टांगला कोणी, मी का याने?"

हे मला फार पटलं, कारण एक दाबताना त्या पोराचा चेहरा माझ्याही डोळ्यासमोर आला होता. चिडायचं त्याच्यावर नाहीच मुळी.

मग काकांनी 1872 चा करार कायदा काढला, कलम 63. ज्याचं येणं आहे तो ठरलेल्याऐवजी त्याला योग्य वाटेल ते सॅटिस्फॅक्शन स्वीकारू शकतो. उदाहरणही कायद्यातच दिलंय, पाच हजार येणं असताना त्याने दोन हजार पूर्ण फेड म्हणून घेतले तर सगळं कर्ज संपलं.

मंदारचे डोळे चमकले. पाकिटातून शंभराच्या दोन नोटा काढून काकांच्या मांडीवर ठेवल्या. "पावागडच्या ट्रिपचे तुमचे पाचशे ना? चार वर्षं ऐकतोय. हे घ्या दोनशे, सॅटिस्फॅक्शन!"

काकांनी नोटा उजेडात धरून बघितल्या, घडी घालून खिशात टाकल्या. "योग्य कोणाला वाटायला पाहिजे? मला. दोनशे जमा, तीनशे बाकी. आणि जीपमधे ओकला होतास, ती धुलाई वेगळी."

हसून हसून माझ्या हातातली सेव उसळची तरी पायजम्यावर सांडली, आणि मंदार म्हणतो, "काका, निदान चार स्टार तरी द्या!"