ड्रॉप काय कुणाच्या बापाचा आहे का? एका फॉरवर्डला उत्तर

"खऱ्या ईस्पोर्ट्स फॅनचे ७ नियम" नावाचा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या सगळीकडे फिरतोय, वर आगीचे इमोजी आणि खाली "सहमत असाल तर दहा ग्रुपमध्ये पाठवा". थोडक्यात म्हणणं असं की जुने प्लेयर तेच खरे प्लेयर, नवीन पोरं जिंकतात ती नशिबाने नाहीतर हॅकने, आणि अशांना त्यांची जागा दाखवून देणं हे फॅनचं कर्तव्य. ऑफिसच्या ग्रुपवर आला तेव्हा मी ऐरोलीला लिफ्टच्या लाइनीत उभी होते, वाचला आणि सोडून दिला. मग तोच आमच्या फॅमिली ग्रुपवर आला. टाकला भाऊजींनी, आणि खाली माझ्या भाच्याला टॅग करून लिहिलं, "हे बघ, तुमच्याच लाइनीतल्या माणसाने लिहिलंय, नवीन पोरांना इथे कोण विचारतं." भाऊजींना बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार, मोबाइलवरचा बंदुकांचा गेम) आणि रमी यातला फरक अजून कळलेला नाही (२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे गेम बंद केले आणि ईस्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली, हे समजावून मी दमले), पण फॉरवर्ड मात्र नेमका सापडला. भाचा घणसोलीला असतो, सतरा वर्षांचा आहे, मित्रांची टीम करून रात्री स्क्रिम्स, म्हणजे सरावाच्या मॅच, खेळतो. त्याने काहीच उत्तर दिलं नाही. म्हणून मी देते.

नंबराने जात नाहीये. आधी चौथा नियम, कारण डोकं त्याच्यामुळे फिरलंय.

"सीनियर टीमचा ड्रॉप हा त्यांचा मान आहे. ज्युनिअर टीमने तिथे उतरणं म्हणजे अपमान. अशा टीमला फॅन्सनी धडा शिकवावा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बीजीएमआयची मॅच सुरू झाली की सगळ्या टीम्स विमानातून उड्या मारतात, जिथे उतरता तिथली लूट तुमची, म्हणजे बंदुका, व्हेस्ट, हेल्मेट, गाडी. टीम्स सवयीने आपापली जागा ठरवून ठेवतात आणि तिला ड्रॉप म्हणतात. आता जागा सगळ्या सारख्या नसतात. एरँगल नावाच्या मॅपवर पोचिंकी जवळजवळ मधोमध, झोन (खेळायची सुरक्षित जागा, मॅचभर लहान होत जाते) कुठेही गेला तरी तिथून पोचता येतं. मिलिटरी बेसला लूट भरपूर पण ते खालच्या बेटावर, झोन उत्तरेला गेला की पूल ओलांडायचा, आणि पुलावर कोण बसलंय ते देव जाणे. त्यामुळे चांगल्या ड्रॉपसाठी मारामारी होणारच, तो गेमचाच भाग आहे. दोन टीम एकाच जागी उतरल्या तर ज्याच्या हातात आधी बंदूक येते तो वाचतो, दुसरा मिनिटाभरात लॉबीत, म्हणजे मॅचच्या बाहेर, शून्य पॉइंट घेऊन. ही रिस्क दोघांना सारखीच आहे. नवीन टीमला ती घ्यायची असेल तर घेऊ दे की, हरली तर तिचंच नुकसान आहे.

पण नाही, म्हणे मान! ठाणे-वाशी लोकलमध्ये खिडकीवर रुमाल टाकून सीट अडवणारे काका असतात ना, तेवढाच हा मान. बीजीएमआयमध्ये ड्रॉप कुणाच्या नावावर करून द्यायची पद्धतच नाहीये. एपेक्स लेजंड्स या अशाच दुसऱ्या गेमच्या मोठ्या स्पर्धांमध्ये २०२४ पासून टीम्स आधीच नंबराने जागा निवडून घेतात, हे मान्य, आणि तसं इथे आणायचं तर आणा, माझी ना नाही. पण तिथेही नंबर नियमाने लागतो, कुणाचे फॉलोअर्स किती यावर लागत नाही.

आता "धडा शिकवावा" म्हणजे काय ते ऐका. भाच्याची टीम एका ऑनलाइन क्वालिफायरमध्ये, म्हणजे पात्रता फेरीत, पोचिंकीला उतरली, तिथे बऱ्यापैकी नाव असलेली एक टीम उतरते. पहिल्या मॅचला मार खाल्ला, चौघंही लॉबीत. दुसऱ्या मॅचला पोरं परत तिथेच उतरली, दोघांना नॉक केलं म्हणजे पाडलं, मग फिनिश केलं, समोरच्या टीमचे उरलेले दोघे गाडी काढून पळाले. बस, एवढंच झालं. मॅच संपायच्या आत स्ट्रीमच्या चॅटमध्ये यांच्या टीमचं नाव घेऊन शिव्या सुरू, मग कुणीतरी इन्स्टा आयडी शोधून काढले आणि मेसेज यायला लागले, औकात काय, गेम सोड, घरी येऊन मारू, आणि मग आईवरून, बहिणीवरून. भाच्याने घरी सांगितलंच नव्हतं, फोन चार्जिंगला होता आणि स्क्रीनवर नोटिफिकेशन आलं म्हणून ताईला दिसलं. ताईला वाटलं पोराने कुणाचे पैसे बुडवले की काय. तिला "अगं ताई, हे सगळं एका ठिकाणी उड्या मारल्या म्हणून चाललंय" हे पटवताना माझीच बोलती बंद झाली. समोरच्या टीमचे प्लेयर बिचारे काहीच बोलले नव्हते, त्यांना पुढच्या मॅचची चिंता. हा सगळा मान त्यांच्या वतीने चॅटमधले लोक सांभाळत होते. आणि भाऊजी, तुम्ही हाच नियम तुमच्या पोराला टॅग करून पाठवलाय.

सहावा नियम याचाच भाऊ आहे, "ट्रोलिंग झेलता येत नसेल तर घरी बसा". स्टेजवरचं प्रेशर वेगळं, त्याची प्रॅक्टिस करता येते. सतरा वर्षांच्या पोराला रात्री दोन वाजता आईवरून शिवी येणं याची प्रॅक्टिस कशी करायची ते फॉरवर्डवाल्याने लिहिलेलं नाही.

आता पहिला. "नवीन टीम जिंकली तर ते झोन लक, पुढच्या सीझनला गायब."

एका मॅचमध्ये नशीब असतं, कोण नाही म्हणतंय. झोन तुमच्या डोक्यावर आला की तुम्ही राजे. म्हणूनच तर मोठ्या फायनलला सोळा टीम तीन दिवस रोज सहा, अशा अठरा मॅच खेळतात. पहिल्याला १० पॉइंट, मग ६, ५, ४, ३, २, १, १, आणि प्रत्येक किलला एक. अठराच्या अठरा वेळा झोन एकाच टीमच्या दारात येत नाही. बीजीआयएस या बीजीएमआयच्या मोठ्या स्पर्धेचे विजेते बघा, २०२१ च्या स्पर्धेत स्कायलाइट्झ, २०२३ ला ग्लॅडिएटर्स, २०२४ ला एक्सस्पार्क, २०२५ ला व्हर्सटाइल. प्रत्येक वेळी नाव वेगळं. प्रत्येक वेळी नशीबच असेल तर मग ते दरवेळी तुमच्या एकाच लाडक्या टीमला का नाही लागलं?

आणि ज्याला "फ्लूक" हा शब्द फार आवडतो त्याने डोटा या पाच-पाच जणांच्या गेममधल्या ओजी टीमची गोष्ट नीट वाचावी. २०१८ च्या मे महिन्यात, वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा, दि इंटरनॅशनल, तोंडावर आलेली, आणि फ्लाय आणि एसफोर हे दोन मोठे प्लेयर टीम सोडून इव्हिल जीनियसेसमध्ये गेले. राहिलेल्यांनी काय केलं, कोच सेबला खेळायला बसवलं, ब्रेकवर गेलेल्या आनाला परत बोलावलं, आणि टॉपसन नावाचा फिनलंडचा एक पोरगा घेतला जो एवढ्या मोठ्या स्टेजवर कधी बसलाच नव्हता. थेट आमंत्रण नाही, त्यामुळे ओपन क्वालिफायर, म्हणजे जिथे तुम्ही-आम्ही पण टीम घेऊन जाऊ शकतो तिथून सुरुवात. तिथून ते व्हँकुव्हरला पोचले, वाटेत सोडून गेलेल्या मित्रांच्याच इव्हिल जीनियसेसला हरवलं, आणि फायनलला चीनच्या पीएसजी.एलजीडीला ३-२ ने. तेव्हाही लोक हेच म्हणाले, नशीब, एकदाच झालं, परत दाखवा. त्यांनी दाखवलं. २०१९ ला शांघायमध्ये त्याच पाच जणांनी परत तीच स्पर्धा जिंकली, फायनलला टीम लिक्विडला ३-१. तोपर्यंत ती दोनदा कुणीच जिंकली नव्हती. नोटेल आणि जेरॅक्स त्या टीममध्ये जुनेजाणते होते हे मला माहितीये, उगाच कॉमेंटमध्ये सांगू नका. टॉपसनला "तुझी लायकी काय" विचारत न बसता त्याला मिड, म्हणजे मॅपच्या मधली महत्त्वाची जागा, दिली, हेच मी सांगतेय.

या एकाच गोष्टीत तिसऱ्या नियमाचाही निकाल लागतो, "मोठ्या टीम्सना थेट एंट्री द्यावी, क्वालिफायर नवीन पोरांसाठी ठेवा". क्वालिफायरमधून आलेली टीम चॅम्पियन झाली आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा झाली. पुढे.

"गायब होतात" यात थोडं तथ्य आहे, नाईलाजाने मान्य करते. चीनची विंग्ज गेमिंग २०१६ ला हीच स्पर्धा जिंकली आणि पुढच्या वर्षी टीमच फुटली. पण असं झालं म्हणून आधी जिंकलेलं खोटं ठरत नाही ना.

दुसरा नियम हॅकचा. "ज्याचं नाव कधी ऐकलं नाही तो अचानक एवढा चांगला कसा खेळतो? हॅकच." तुम्ही ऐकलं नाही हा पुरावा आहे का? आपल्याकडे चीटिंग झालेलंच नाही असं मी म्हणणार नाही, २०१८ ला शांघायच्या लॅनमध्ये, म्हणजे सगळे एकाच ठिकाणी बसून खेळतात त्या स्पर्धेत, भारतीय टीमच्या एका प्लेयरच्या पीसीवर वर्ड डॉट ईएक्सई नावाने लपवलेला हॅक सापडला होता आणि आपली जगभर शोभा झाली. पण तो काही गल्लीतला अनोळखी पोरगा नव्हता, ऑप्टिकसारख्या मोठ्या नावाची जर्सी अंगात होती. आणि मॅच फिक्सिंग म्हणाल तर उलटंच दिसतं. २०१० ला कोरियात स्टारक्राफ्ट या गेमच्या फिक्सिंगमध्ये अडकला तो सेव्हियर, एकेकाळचा चॅम्पियन, लोक ज्याला डोक्यावर घेऊन नाचले तो. काउंटर-स्ट्राइक या गेममध्ये आयबायपॉवर टीमच्या पोरांना २०१५ च्या जानेवारीत फिक्सिंगसाठीच बॅन केलं, ती तेव्हा अमेरिकेतल्या वरच्या टीम्सपैकी होती. मी यावरून "जुने सगळे चोर" असं म्हणत नाही, म्हणजे तुम्हीही "नवीन सगळे हॅकर" म्हणू नका.

पाचवा नियम, "व्ह्यूज जुन्यांमुळे येतात, त्यांच्यामुळे तुमचा गेम जिवंत आहे". हे खरंय. अर्धं. मॉर्टलसारख्या जुन्या प्लेयर-स्ट्रीमर लोकांनी पोरांना स्ट्रीम बघायची सवय लावली नसती तर भारतात एवढी मोठी फायनल झालीच नसती, मॉर्टलच्याच एस८यूएल ग्रुपला २०२२ ला आणि परत २०२३ ला ईस्पोर्ट्स अवॉर्ड्समध्ये कंटेंट ग्रुपचं बक्षीस मिळालं ते उगाच नाही. बघा त्यांना, मीही बघते, जेवताना तेच चालू असतं. पण व्ह्यूज हे व्ह्यूज असतात, पॉइंट टेबलमध्ये त्याचा कॉलम नसतो. आणि गंमत म्हणजे ज्या सोल टीमच्या नावाने हे लोक भांडतात त्या सोलने २०१९ ला पीएमआयएस ही पबजीची स्पर्धा जिंकली ती मॉर्टल, व्हायपरच्या लाइनअपने, आणि २०२२ ला बीएमपीएस ही बीजीएमआयची स्पर्धा जिंकली ती ओमेगा, गॉब्लिन, अक्षत, हेक्टर यांनी. पूर्ण वेगळी पोरं. म्हणजे तुमच्या लाडक्या टीमनेच नवीन लोकांना खुर्ची दिली आणि ट्रॉफी आणली, आणि तुम्ही मात्र दुसऱ्या टीमच्या नवीन पोरांना शिव्या घालताय.

जाता जाता, बुद्धिबळाचे लोक हे किती शांतपणे करतात बघा. (ईस्पोर्ट्स वर्ल्ड कपला २०२५ मध्ये बुद्धिबळ पण होतं, त्यामुळे विषय सोडून बोलतेय असं म्हणू नका.) त्याच वर्षी जुलैत जॉर्जियात बटुमीला महिलांच्या वर्ल्ड कपच्या फायनलला आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, वय १९, समोर ३८ वर्षांची कोनेरू हम्पी. टायब्रेकमध्ये दिव्या जिंकली, त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. मी त्या दिवशी बरंच स्क्रोल केलं, मला तरी "सीनियरचा मान ठेवला नाही" म्हणणारा कुणी दिसला नाही. हम्पीचे फॅन हळहळले आणि दिव्याचं अभिनंदन केलं, दोन्ही एकाच पोस्टमध्ये.

राहिला सातवा, "नवीन पोरांनी आधी दोन-तीन वर्षं मोठ्यांचं बघून शिकावं, मग स्टेजवर यावं". बघून शिकावं हे कुणीही सांगेल, पण दोन-तीन वर्षं का? लीग ऑफ लेजंड्स या गेममध्ये आज सगळे ज्याच्या पाया पडतात तो फेकर २०१३ च्या एप्रिलमध्ये कोरियाच्या लीगमधली पहिली मॅच खेळला. सोळा-सतराचा पोरगा. समोर अ‍ॅम्बिशन, तेव्हाचा नावाजलेला मिड लेनर. फेकरने पहिल्याच मॅचमध्ये त्याला एकट्याने मारला आणि त्याच वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाला. फॉरवर्डवाल्याच्या हिशोबाने त्याने २०१५ पर्यंत घरी बसून अ‍ॅम्बिशनचे व्हिडिओ बघायला हवे होते. आणि अ‍ॅम्बिशनचं करिअर तिथे संपलं असंही झालं नाही. त्याने मिड सोडली, जंगल ही दुसरी जागा खेळायला लागला, सॅमसंग गॅलक्सीचा कॅप्टन झाला, आणि २०१७ ला बीजिंगमध्ये वर्ल्ड्सच्या, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या, फायनलला त्याच फेकरच्या टीमला ३-० ने हरवलं.