हॉल लख्ख, तरी मेथी लोळली : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घरात भाजी पिकवण्याबद्दलची तुमची तक्रार थोडक्यात अशी : नाशिकच्या कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या खिडकीजवळ मेथी पेरली, ती आठवड्यात काडीसारखी उंच होऊन लोळली. पाणी आणि 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत) वाढवलं, तर चिलटं झाली. धने उगवलेच नाहीत. 'नाशिकला जुडी स्वस्त मिळते, मग ही उठाठेव लोकांना कशाला शिकवता?'

शेवटचा प्रश्न नंतर घेऊ. लोळणं आणि चिलटं ही दोन वेगळी दुखणी नाहीत. मूळ एकच, उजेड कमी. आपला डोळा जुळवून घेतो म्हणून हॉल लख्ख वाटतो. मोबाइलवर लक्समीटरचं मोफत ॲप टाका आणि रोपाच्या शेंड्याच्या जागी स्क्रीन वर करून धरा. खिडकीपासून पाच-सहा फुटांवर भर दुपारीही साधारण 300 ते 500 लक्स (उजेड मोजायचं एकक) दिसतील. बाहेर कडक उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. मेथीला रोज 12 ते 14 तास निदान सात-आठ हजार लक्स हवेत. ते मिळाले नाहीत की रोप उजेडाच्या शोधात ताणतं आणि देठ भरत नाही. त्यावर नत्र घातलं की ते आणखी लुसलुशीत होऊन पडतं. आणि उजेडच नाही म्हटल्यावर रोप पाणीही ओढत नाही. ट्रे ओलाच राहतो, वरच्या थरात बुरशी धरते, तिच्यावर चिलटांच्या अळ्या पोसतात.

म्हणून फवारणी नको. वरचा इंचभर थर सुकू द्या. पाणी खालच्या ताटलीत द्या आणि अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका. पिवळे चिकट सापळे द्राक्षवाल्यांमुळे आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात सहज मिळतात, पण ते उडणारी चिलटंच धरतात. अळ्या कोरड्या थराने जातात. ट्रेमध्ये काळी माती असेल तर काढाच, ती पाणी धरून बसते. दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग गांडूळखत पुरे. महिन्याभराच्या मेथीला वरून खत लागत नाही.

खिडकी कुठल्या दिशेची, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दक्षिणेची असेल आणि समोर इमारत नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी नुसत्या उन्हावर भागतं, ट्रे मात्र काचेला चिकटून हवा. डिसेंबरात नाशिकला सूर्य दुपारी जेमतेम 46-47 अंश चढतो, त्यामुळे ऊन आत येतं. जूनमध्ये तो डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो, त्यात पावसाळी ढग. मग तीच खिडकी निरुपयोगी.

एरवी ट्यूब लावावी लागते. जांभळ्या 'ग्रो लाइट'वर पैसे घालवू नका. चार फुटी, 20 वॅटच्या, 6500 केल्विनच्या (म्हणजे पांढऱ्या उजेडाच्या) दोन साध्या एलईडी ट्यूब चार फूट बाय एक फूट फळीवर पानांपासून 10 ते 15 सेंटीमीटरवर साखळीने टांगा, रोपं वाढतील तशा वर घ्या. टायमर 14 तासांचा. रोज 0.56 युनिट, म्हणजे महिन्याला 17 युनिट. आपल्या बिलातल्या दराने गुणून पाहा. एवढ्या जागेत निघतील त्या दोन-तीन जुड्या बाजारापेक्षा महागच पडतात, तेव्हा पैशांचा तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. टोमॅटो-वांग्याला तर याच्या कितीतरी पट उजेड लागतो. ती घरात लावायच्या भानगडीत पडूच नका.

विजेशिवाय काही हवं असेल तर कांद्याची पात. मोड आलेले कांदे आपल्याकडे घरोघरी निघतात. ते अर्धे बाहेर राहतील असे खेटून लावा. अन्न कांद्यातच साठलेलं असतं, त्यामुळे अंधूक खिडकीतही पंधरा-वीस दिवसांत पात कापायला येते. दोन कापण्यांनंतर कांदा पोकळ होतो, तेव्हा टाकून द्या.

राहिले धने. ते अख्खे पेरले असतील तर उगवण रखडते. चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, 12 तास भिजवा, अर्धा इंच खोल पेरा आणि दहा-बारा दिवस थांबा. किराणा दुकानातले जुने धने नकोत, बियाण्याचे घ्या. एप्रिल-मेमध्ये पेरूच नका. खोली तिशीच्या वर गेली की उगवण घटते आणि जे उगवतं ते पानं धरायच्या आत फुलोऱ्यावर जातं.