मालकानेच मागितला पंच

शिकागोच्या रेड लाइनवर अ‍ॅडिसनला उतरलं की रिग्ली फील्ड हे बेसबॉलचं मैदान दोन पावलांवर. आत विटांच्या भिंतीवर आयव्हीची वेल चढलेली. ती पुण्याच्या धाकट्या भावाला व्हिडिओ कॉलवर दाखवत होतो, तर तो म्हणाला, "दादा, तुमच्याकडे सगळं स्वच्छ असतं रे. आपल्याकडे क्रिकेट बोर्डातच मालक नि पुढारी घुसलेत."

मग त्याला आल्बर्ट लास्करची गोष्ट सांगावीच लागली. हा गडी 1898 मध्ये लॉर्ड अँड थॉमस या जाहिरात कंपनीत पिकदाण्या रिकाम्या करायला लागला आणि पुढे कंपनीच विकत घेऊन बसला. संत्री खायची नाहीत, प्यायची, हे अमेरिकेच्या गळी उतरवलं ते सनकिस्ट या संत्र्यांच्या ब्रँडसाठी त्याच्याच कंपनीने. बायकांच्या हाती लकी स्ट्राइक सिगारेट दिली तीही त्यांनीच. 1916 मध्ये लास्करने शिकागो कब्ज या बेसबॉल संघात पैसा घातला.

1919 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम लढत, शिकागोतलाच दुसरा संघ, व्हाइट सॉक्स, सिनसिनाटीकडून हरला. पैसे खाऊन हरला, हे वर्षभराने फुटलं. तोवर बेसबॉलचा कारभार तिघांच्या आयोगाकडे असे, आणि त्याचे प्रमुख गॅरी हर्मन हे सिनसिनाटी संघाचेच अध्यक्ष होते! आपले श्रीनिवासन आठवतात? बीसीसीआयचे अध्यक्ष होते, आणि तेव्हा चेन्नई सुपर किंग्ज त्यांच्याच इंडिया सिमेंट्सची होती.

लास्करने योजना मांडली, की खेळात ज्याचा एक पैसाही नाही अशांच्या हाती कारभार द्या. स्वतः संघमालक असून. 16 पैकी 11 संघ त्याच्या मागे उभे राहिले. तिघांऐवजी शेवटी एकच माणूस आला, न्यायाधीश लँडिस. खटल्यात ज्युरीने खेळाडूंना निर्दोष सोडलं, तरी व्हाइट सॉक्सच्या आठ जणांना त्यांनी 1921 मध्ये कायमचं घरी बसवलं.

लास्कर काही संत नव्हता. माल खोटा आहे असं गिऱ्हाइकाला वाटलं की दुकान बसतं, एवढं त्याला कळत होतं. आपल्या मालकांना ही भीती कुठे आहे? तिकडे सुप्रीम कोर्टाला मध्ये पडावं लागलं, कोर्टाने नेमलेल्या लोढा समितीने सट्टेबाजीच्या प्रकरणात 2015 मध्ये चेन्नई नि राजस्थानला आयपीएलमधून दोन वर्षं बाहेर बसवलं. 2018 मध्ये चेन्नई परतली, कावेरीच्या आंदोलनामुळे त्यांचे घरचे सामने गहुंज्याला आले, आणि आमचे बंधुराज पिवळा टी-शर्ट घालून तिथे हजर! त्याच वर्षी चेन्नईने आयपीएल जिंकलीही.

"ते धोनीसाठी होतं," भाऊ म्हणाला.

बरं, बीसीसीआयमध्ये 'एक राज्य, एक मत' म्हणत लोढांनी मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ या तिघांत एकच मत ठेवायला सांगितलं, तेव्हा मुंबईचं मत जाणार म्हणून सगळ्यात जास्त चिडला होता तोही हाच.

आणि इथल्या स्वच्छतेचं म्हणशील, तर लँडिस 1944 मध्ये मरेपर्यंत त्या पदावर होते, आणि त्या सगळ्या काळात मोठ्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता.

फोन ठेवता ठेवता कॅमेरा मैदानाच्या कोपऱ्याकडे वळवला. ड्राफ्टकिंग्जची पाटी.

"हे काय?"

"सट्ट्याचं दुकान. कायदेशीर."

"मैदानाला चिकटून?"

"भिंतीला भिंत."