कंत्राटी भरतीविरुद्धचा राग कुठवर पोहोचला?

६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला, तेव्हा स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण ठिकठिकाणी रस्त्यावर उतरले. आरक्षण डावलले जाईल, वर्षानुवर्षांच्या अभ्यासाला अर्थ उरणार नाही, हे त्यांचे आक्षेप रास्त होते आणि २० ऑक्टोबरला तो निर्णय रद्द झाल्याची घोषणा झाली, याचे मला मनापासून समाधान वाटले. परंतु त्याबरोबर चर्चाही संपली, हे मला आजही खटकते. नोकरीत शिरण्याची संधी सर्वांना सारखी हवी, याबाबत आपण आग्रही असतो. आत गेल्यावर एकाच कामाचे दोन दाम का, हे विचारायला फारसे कोणी पुढे येत नाही.

मुंबईतील सफाई कामगारांचे पाहा. पालिकेचा कायम कामगार आणि ठेकेदाराचा कामगार तोच कचरा उचलतात, पण पगार, रजा, औषधोपचार यांत दोघांची बरोबरी नाही. कचरा वाहतूक श्रमिक संघाने अशा २,७०० कामगारांसाठी लढा दिला. ही माणसे आमची नव्हेतच, अशी पालिकेची भूमिका होती. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये कामगारांच्या बाजूने निवाडा दिल्यानंतरही त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले आणि एप्रिल २०१७ मध्ये तिथे ते जिंकले. त्यांच्यासाठी किती सुशिक्षित तरुण रस्त्यावर आले होते?

समान कामाला समान वेतन हे तत्त्व शासनाच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्येच सांगितले आहे. मधे ठेकेदार आला, की कागदोपत्री मालक बदलतो आणि ते तत्त्व कोणापुढे मांडायचे, इथूनच कामगाराची ओढाताण सुरू होते.

करदात्यांचे पैसे वाचतात, असे यावर सांगितले जाते. ती बचत कामगाराच्या आजारपणातून आणि म्हातारपणातून होत असेल, तर तिला काटकसर म्हणणे मला मान्य नाही. निविदा मंजूर करताना ठेकेदाराला किती आणि कामगाराच्या हाती किती पडणार, हे प्रत्येक पालिकेने जाहीर करावे; आणि २०२३ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या तरुणांनीच ही मागणी आधी लावून धरावी, असे मला वाटते.