खान्देशात पानही हललं नाही म्हणे!

सध्या एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: १८५७ म्हणजे चरबीच्या काडतुसांवरून भडकलेलं शिपायांचं बंड, रयतेला त्याचं सोयरसुतक नव्हतं, खान्देशात तर पानही हललं नाही, झाली ती भिल्लांची लुटालूट. चार ओळींत एवढं चुकवायलाही कसब लागतं.

आधी काडतुसं. ती कारण होतीच, नाकारायचं कशाला? पण ठिणगी पडली म्हणून कोठार त्याच दिवशी भरलं असं होत नाही. पायदळातल्या शिपायाला महिन्याला ७ रुपये. आयुष्य घालवून सुभेदार झाला तरी हुकूम कालच्या गोऱ्या पोराचा. १८५६ च्या कायद्यानं नव्या भरतीला समुद्रापार जाणं बंधनकारक झालं. त्याच वर्षी अवध खालसा केलं, आणि बंगालच्या पलटणींतले कितीतरी शिपाई तिथल्याच शेतकऱ्यांची पोरं. घरच्या जमिनीचा सारा आता कंपनी ठरवणार, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच! मीरतला ९ मे १८५७ रोजी ८५ स्वारांना भर परेडीत बेड्या ठोकल्या आणि दुसऱ्या दिवशी पलटणी उठल्या.

रयतेचं म्हणाल तर खान्देशी शेतकऱ्यानं शिपायांची वाटही पाहिली नव्हती. १८५२ साली, म्हणजे पाच वर्षं आधी, सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या पट्ट्यात जमीन मोजणीला जोरदार विरोध झाला. मोजणी आली की सारा वाढणार, हा साधा हिशेब. जमाव जमले, सरकारनं लष्कर आणलं, पुढाऱ्यांना पकडलं. इथं कुठलं आलं काडतूस?

आता ती ‘लुटालूट’. शिरपूरहून पळासनेरच्या पुढं निघालात की बिजासनचा घाट लागतो. आज तिथं ट्रकांची रांग असते. हाच तो सेंधव्याचा घाट, मुंबई-आग्रा रस्त्यावरचा. तो राखायचं काम खाज्या नाईकाकडं होतं, त्याच्याआधी त्याचे वडील गुमान नाईक यांच्याकडं. घाट राखायचा आणि त्याबद्दल हक्काचं घ्यायचं, ही भिल्ल नाईकांची जुनी रीत. १८१८ मध्ये कंपनी आली, आणि हे हक्क साहेबाच्या मर्जीवर गेले. खाज्याच्या हातून एक संशयित मेला, त्यावरून त्याला नोकरीतून काढून तुरुंगात टाकलं. पुढं सुटला, आणि १८५७ मध्ये गरज पडताच सरकारनं त्यालाच परत कामावर घेतलं. त्यानं काय केलं? दुसरा भिल्ल पुढारी भीमा नाईक याच्यासोबत उठाव केला आणि नोव्हेंबरात त्याच रस्त्यावर सुमारे ७ लाखांचा सरकारी खजिना अडवला. शिवाय तारायंत्राच्या तारा तोडल्या. नुसत्या लुटीसाठी निघालेल्याला तारा तोडून काय मिळणार?

११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीला फौजेशी लढाई झाली. भिल्लांबरोबर मकराणी (बलुचिस्तानाकडचे भाडोत्री शिपाई) आणि अरबही होते. पकडलेल्या कित्येकांना तिथल्या तिथं लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घातल्या, बायकांना कैद केलं. दरोडेखोरांच्या टोळीसाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही.

मेसेजच्या शेवटी भिल्ल पलटणीचा दाखला आहे: ‘भिल्लच सरकारच्या बाजूनं होते.’ अर्धं खरं. १८२५ मध्ये धरणगावात आऊट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं ती उभी केली आणि ती सरकारबरोबरच राहिली. मुंबई इलाख्याचं बहुतेक सैन्यही उठलं नाही; ३१ जुलै १८५७ ला कोल्हापूरची २७ वी पलटण उठली ती अपवाद. पण ही भिल्ल पलटण काढावी का लागली? १८१८ पासून भिल्ल सतत लढत होते आणि नुसत्या बंदुकीनं ते आटोक्यात येईनात, म्हणून. मग माफी, शेतीसाठी जमीन, तगाई (शेतीसाठी सरकारी कर्ज) आणि पलटणीचा पगार देऊन काहींना बसवलं. ज्यांना बसवावं लागलं, ते आधी उठलेलेच होते. शिवाय, पलटणीतला भिल्ल पगारासाठी राहिला म्हणून घाटावरचा भिल्ल लुटारू कसा ठरतो, हे मेसेज लिहिणाऱ्यानं एकदा सांगावं.