९८ टक्के अचूक, पण कोणावर मोजलं?

‘मॅमोग्राफी विसरा! नवीन एआय थर्मल यंत्र. स्पर्श नाही, वेदना नाही, रेडिएशन नाही. ९८ टक्के अचूक. एफडीए मान्य. गाठ होण्याच्या दहा वर्षं आधी स्तनांचा कॅन्सर ओळखतं. शेकडो महिला तपासल्या, एकही केस सुटली नाही. प्रत्येक बहिणीपर्यंत पोहोचवा.’

हा मेसेज तुमच्याकडेही आला असेलच. मीही तो न वाचता पुढे सरकवत होते. पण आता माझ्या मावशीनं तो मनावर घेतलाय. तिनं थर्मल स्कॅन, म्हणजे त्वचेच्या उष्णतेचं चित्र, करून घेतलं, ‘सगळं ठीक’ असा रिपोर्ट आला आणि बाईंनी मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीची, ठरलेली तारीख रद्द करून टाकली. तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते.

आधी ते ९८ टक्के. लक्षणं नसलेल्या हजार बायका तपासल्या, त्यात पाच जणींना कॅन्सर आहे असं धरू. आता मी एक रिकामा डबा आणते. त्यात ना कॅमेरा ना एआय. समोर कोणीही आलं तरी तो म्हणतो, ‘तुम्हाला काही नाही.’ हजारांपैकी ९९५ जणींच्या बाबतीत तो बरोबर! म्हणजे डबा साडेनव्याण्णव टक्के अचूक, मेसेजमधल्या यंत्रापेक्षा दीड टक्का सरस. फक्त त्यानं पाचच्या पाच रुग्णांना घरी पाठवलं, एवढंच.

म्हणून नुसत्या ‘अचूक’ला काडीचा अर्थ नाही. दोन आकडे वेगवेगळे सांगा: कॅन्सर असलेल्यांपैकी किती जणी सापडल्या आणि नसलेल्यांपैकी किती जणींना उगाच न घाबरवता ‘ठीक’ सांगितलं. दोन्ही खरंच ९८ असते तर हे यंत्र मॅमोग्राफीच्या पुढे गेलं असतं आणि प्रचाराला फॉरवर्ड लागले नसते. असे भरघोस आकडे बहुतेक वेळा कुठून येतात, तर एका बाजूला निदान झालेल्या, मोठ्या गाठी असलेल्या रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत बायका उभ्या करून. तिथे फरक ओळखणं सोपं असतं. ज्यांना काहीच जाणवत नाही अशा बायकांमधून बारीकसा कॅन्सर हुडकणं, हे खरं काम आणि तीच खरी परीक्षा.

‘एकही केस सुटली नाही’ हे तर संतापजनक आहे. सुटली नाही हे कळलं कसं? ज्यांना यंत्रानं ‘ठीक’ म्हटलं, त्यांची दुसरी कुठलीही तपासणी झालीच नाही. निरोगी म्हटलेल्या बाईची बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) कोणी करत नाही. तिच्यावर वर्ष-दोन वर्षं लक्ष ठेवावं लागतं, मधल्या काळात कॅन्सर निघाला का ते नोंदवावं लागतं. ते केलं नाही तर सुटलेली केस दिसणारच नाही. शोधलंच नाही, म्हणून सापडलं नाही!

एफडीए मान्य? हो, आहे. अर्धं खरं आहे, मान्य करते. १९८२ साली अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेनं, स्तनांच्या थर्मोग्राफीला (याच थर्मल तपासणीला) परवानगी दिली, पण मॅमोग्राफीच्या जोडीला वापरायचं पूरक साधन म्हणून. तिच्या जागी नव्हे. याच एफडीएनं २०१९ साली जाहीर इशारा दिला, की मॅमोग्राफीऐवजी थर्मोग्राफी वापरू नका, ती एकटी उपयोगी पडते याला शास्त्रीय आधार नाही. मावशीच्या रिपोर्टवर लाल-पिवळ्या-निळ्या चित्राखाली, भिंगातून वाचावं अशा अक्षरात, ‘ही तपासणी मॅमोग्राफीला पर्याय नाही’ असं छापलंय. विकणाऱ्याला ठाऊक आहे. फॉरवर्ड करणाऱ्याला नाही.

मुळात हे ‘नवीन’ही नाही. कॅन्सरच्या जागी रक्तपुरवठा वाढतो आणि वरची त्वचा किंचित गरम होते, हे रे लॉसन या कॅनडातल्या डॉक्टरांनी १९५६ सालीच मांडलं होतं. निरीक्षण खरं आहे. घोडं अडतं पुढे. खोलवरच्या लहान गाठीची ऊब त्वचेपर्यंत पोहोचेलच असं नाही, आणि साधी सूज असली तरी त्वचा गरम होते. अगदी सुरुवातीच्या कॅन्सरची खूण पुष्कळदा कॅल्शियमचे बारीक ठिपके ही असते. ते एक्स-रेत दिसतात, उष्णतेच्या चित्रात नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात सुमारे २ लाख ८० हजार बायकांच्या मोठ्या तपासणी प्रकल्पात थर्मोग्राफी घेतली होती आणि मध्येच सोडून दिली, कारण हाती फारसं लागेना. ‘दहा वर्षं आधी’चा निकाल यावरूनच लावा.

रेडिएशन: दोन्ही स्तनांच्या मॅमोग्राफीत साधारण ०.४ मिलिसीव्हर्ट. तेवढं निसर्गातून आपल्याला काही आठवड्यांत मिळतंच. मॅमोग्राफीत स्तन दाबून धरतात. त्यानं कॅन्सर पसरतो, याला पुरावा नाही. दुखतं मात्र, ते खरं.

मॅमोग्राफीही काही देवाचा शब्द नाही. दाट स्तनांत (चरबी कमी, ग्रंथी जास्त) ती चुकते. २०१२ साली ब्रिटनच्या स्वतंत्र समितीनं हिशोब मांडला, की तपासणीमुळे एक मृत्यू टळतो तेव्हा साधारण तिघींना अशा कॅन्सरचे उपचार घ्यावे लागतात जो एरवी त्यांना कधी जाणवलाही नसता. यावर जरूर बोला. पण हे तोटे कळले ते दशकानुदशकं मोजमाप झालं म्हणून. मेसेजमधल्या यंत्राचे तोटे कोणी मोजलेच नाहीत.

राहिलं एआय. ते कसं तपासतात हे पाहायचं असेल तर स्वीडनची ‘मसाई’ चाचणी बघा. ८० हजारांवर बायका, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. मॅमोग्राफी सगळ्यांची झाली, फक्त एका गटाच्या फिल्म वाचायला एआयची मदत घेतली. २०२३ साली पहिले निकाल आले: एआयच्या गटात हजारी ६.१ कॅन्सर सापडले, दुसऱ्यात ५.१, आणि फिल्म वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं. एवढं होऊनही संशोधकांनी विजयाची तुतारी फुंकली नाही. त्यांचा मुख्य निकष वेगळाच होता: ‘ठीक’ सांगून घरी पाठवलेल्यांपैकी किती जणींना पुढच्या तपासणीच्या आत कॅन्सर निघतो.

हाच आकडा त्या थर्मल यंत्राचा कोणाकडे असेल, तर तो फॉरवर्ड करा. तो मी वाचेन आणि मावशीलाही पाठवेन. तोवर तिनं मॅमोग्राफीची नवी तारीख घेतली आहे.